राहून गेलेली नांगी

गेल्या महिन्यात आमच्या विभागात नवा संगणक आला. तो बसवायला आलेला इंजिनियर मोठ्या कौतुकानं सांगत होता की आता कुणाला हातानं रेघ ओढत बसायला नको, स्कॅन टाकला की यंत्रच ग्रंथीभोवती रेघ ओढून देतं. आम्ही सगळे त्याच्याभोवती कोंडाळं करून उभे होतो. त्यानं बटण दाबलं आणि बघता बघता पडद्यावर हिरवी रेघ उमटली. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मात्र तिथून सटकले आणि ड्रेसिंगच्या खोलीत जाऊन उगीचच ट्रॉली पुसत बसले. दांडगे सरांची आठवण आली की मला हाताला काहीतरी काम लागतं.

सर आता नाहीत. मागच्या थंडीत धावड्याला, आपल्या गावी, दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. माणिक दांडगे. नाव दांडगे आणि अंगानं काडी. शर्ट खांद्यावर नव्हे, जणू खुंटीला अडकवल्यासारखा. मी एकदा त्यांना म्हटलं होतं, "सर, आडनाव तरी बदलून घ्या, लोकांची फसवणूक होते." त्यावर ते शांतपणे म्हणाले होते, "आडनाव दादाला शोभतं. मी नुसतं लावून राह्यलो." हा दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ, साहेबराव. त्याच्याबद्दल पुढे सांगायचंच आहे. खरं म्हणजे त्याच्याबद्दल सांगितल्याशिवाय सरांबद्दल काही सांगताच येत नाही.

सर आमच्या रुग्णालयात फिजिसिस्ट होते. लोकांना डॉक्टर कळतो, सिस्टर कळते, एक्सरे काढणारा कळतो. हा माणूस काय करतो ते कुणाला कळत नसे. तर प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखालची लहानशी ग्रंथी. तिला कॅन्सर झाला आणि वेळेत सापडला, तर एक उपचार असा करतात, की तांदळाच्या दाण्याएवढ्या किरणोत्सारी कुप्या लांब सुयांतून त्या ग्रंथीत जागोजाग ठेवून द्यायच्या. त्या कायमच्या आत राहतात, आतूनच किरणं देतात आणि काही महिन्यांत विझून जातात. दाणे ठेवायचे डॉक्टरांनी, ते कुठे किती ठेवायचे ते आखून द्यायचं सरांनी. पण त्यांचं खरं काम त्यानंतर सुरू व्हायचं. महिन्याभरानं सूज उतरली की रुग्णाला परत बोलवायचं, स्कॅन काढायचा, त्यावर ग्रंथीभोवती रेघ ओढायची आणि मोजायचं. रेघेच्या आत सगळीकडे मात्रा पोचली का, कुठे कमी पडली का, शेजारच्या अवयवांना नको तेवढी तर गेली नाही ना. आपण दिलेला पेपर आपणच तपासायचा असा हा प्रकार. असे पेपर उरकून टाकण्याकडे माणसाचा कल असतो. सर उरकत नसत.

आता हे सगळं भोकरदनच्या, परतूरच्या, मंठ्याच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांना कसं समजावणार? आधीच दुखणं अवघड जागेचं. धोतराचा सोगा हातात धरून, खाली मान घालून बसलेली माणसं. डॉक्टर मॅडम समजावून सांगायच्या, ते हो हो म्हणायचे आणि बाहेर येऊन मला विचारायचे, "बाई, काय म्हनल्या त्या?" मग सर त्यांच्याशेजारी बाकावर बसायचे. समोर नाही, शेजारी. वावरात बांधावर बसतात तसे.

"बाबा, ही गाठ म्हंजी आपलं वावर समजा," ते सुरू करायचे. "आमच्या सुया म्हंजी तिफन. बराबर अंतरानं दाणा सोडायचा. मधून लघवीची नळी जाती, ती समजा पायवाट, तिथं पेरायचं न्हाई. मागं संडासची जागा, ते शेजाऱ्याचं वावर. तिकडं आपला दाणा गेला तर भांडण. कळालं का?"

म्हातारे एकदम ताठ बसायचे. इतका वेळ त्यांना न कळणाऱ्या जगात कुणीतरी त्यांच्या ओळखीचा उतारा समोर ठेवलेला असायचा. जालन्यात बियाण्याच्या कंपन्या गल्लोगल्ली, बियाण्यावर बोलायला इथे कुणालाच शिकवावं लागत नाही. मग प्रश्न सुरू. ओळीत अंतर किती, दाणा किती खोल, खालीवर झाला तर काय. सर प्रत्येकाला उत्तर द्यायचे.

"आन् एक महिन्यानं परत यायचं," ते शेवटी बजावायचे. "उगवण बघायला. कुठं नांगी पडली असंल तर भरून काढू."

नांगी म्हणजे पेरलेल्या ओळीत बी न उगवल्यानं राहिलेली मोकळी जागा. तिथे पुन्हा बी टोचतात, त्याला नांगी भरणं म्हणतात. आमच्या विभागात हा शब्द सरांनी आणला आणि तो असा रुजला की डॉक्टर मॅडमसुद्धा स्कॅन बघताना विचारायच्या, "सर, नांगी आहे का कुठे?" मॅडम पुण्याच्या. त्यांच्या तोंडी तो शब्द ऐकून मला फार मजा वाटायची.

त्या शब्दानं एकदा घोटाळाही केला. परतूरकडचे एक आजोबा होते. दाणे ठेवून झाले, घरी गेले आणि दोनच दिवसांत लघवी अडकून परत आले. तोंड सुकलेलं, ओठांना भेगा. मी विचारलं, "आजोबा, पाणी पीत नाही का?" ते बोलेनात. त्यांची सून म्हणाली, "पेल्याला हात लावत न्हाईत. भांडण करून राह्यले." शेवटी सर शेजारी जाऊन बसले तेव्हा आजोबांनी हळूच सांगितलं. पोटात बी पेरलंय, आता पाणी दिलं तर ते उगवणार, आणि उगवलं तर कुठून बाहेर निघणार?

मी हसू आवरायला बाहेर पळाले. सर हसले नाहीत. त्यांनी पाण्याचा पेला भरून आजोबांच्या हातात दिला आणि म्हणाले, "हे बी उलटं हाये, बाबा. हे उगवत न्हाई, विझतं. प्या बिनघोर." त्या दिवशी मी त्यांना म्हटलं, "सर, तुमचं ते पेरणीपुराण आता पुरे करा. एखाद्याच्या जिवावर बेतेल." ते म्हणाले, "आवो सिस्टर, त्यांच्या शब्दात सांगितलं म्हणून त्यांनी विचार तरी केला. आपल्या शब्दात सांगितलं असतं तर नुसती मान हालवली असती." त्यांचं म्हणणं मला पटलं. आजही वाटतं, ते खरंच बोलत होते. म्हणूनच पुढचं जास्त लागतं.

सरांच्या सवयी म्हणाल तर त्यांचं कौतुक 'बराबर' या एका शब्दावर थांबायचं. कितीही चांगलं काम होवो, 'बराबर हाये'. मुलाचा बारावीचा निकाल चांगला लागला तेव्हाही पेढा देताना म्हणाले, "बराबर आले मार्क." रेघ ओढताना चहा ठेवला तर त्यावर साय धरायची आणि मग ते ती साय बोटानं बाजूला करून थंडगार चहा आवडीनं प्यायचे. डब्यात भाकरी आणि गावाकडच्या मिरचीचा ठेचा. तो ठेचा एकदा मी चाखला आणि दिवसभर पाणी पीत राहिले. मी जुन्या जालन्यातली, तिखटात आणि तोंडात कुणाला हार न जाणारी, पण त्या ठेच्यापुढे मी हात टेकले.

आणि त्यांची एक चोरी होती. माझ्या ट्रॉलीवरची चिकटपट्टी. स्कॅन उघडला की पडद्याच्या कोपऱ्यात रुग्णाचं नाव येतं. सर आधी तिथे पट्टीचा तुकडा चिकटवायचे आणि मगच माऊस हातात घ्यायचे. रेघ ओढून, मोजून, आकडा लिहून झाला की पट्टी काढायची. एक पट्टी चार वेळा वापरायचे, तरी माझी गुंडाळी संपायचीच.

मी एकदा वैतागून विचारलं, "नावानं काय होतं तुमचं?"

"हात सैल पडतो," ते म्हणाले.

मग त्यांनी मला बसवून दाखवलं. स्कॅनमध्ये ग्रंथीची कड काही धारदार दिसत नाही. आसपास सगळं करडं. रेघ जराशी आत घेतली तर कुणी चूक म्हणणार नाही, जराशी बाहेर घेतली तरी नाही. पण आत घेतली की कमी मात्रा मिळालेला काठ रेघेच्या बाहेर पडतो आणि आकडा छान येतो. हा आकडा म्हणजे ग्रंथीच्या दहा भागांतल्या नऊ भागांना निदान किती मात्रा पोचली, तो. तो चांगला आला की डॉक्टर खूश, रुग्ण खूश, आपण खूश. "माणूस ओळखीचा असला, गरीब असला, लांबून आलेला असला," सर म्हणाले, "की आपल्याला वाटतं याचं चांगलं व्हावं. आन् हात रेघ आत घेतो. आपल्याला कळत बी न्हाई."

एकदा डॉक्टर मॅडमनीच तसं सुचवलं होतं. कुठल्याशा परिषदेत आमच्या कामाचा अहवाल मांडायचा होता आणि एका रुग्णाचा आकडा जरा कमी येत होता. त्या सहज म्हणाल्या, "सर, इथे कड धूसरच आहे. रेघ थोडी आत घेतली तर आकडा बसतो." मॅडम काही लबाड नव्हेत, दमलेल्या होत्या. सर पडद्याकडे बघतच म्हणाले, "मॅडम, आकडा बसंल. दाणा न्हाई बसणार तिथं." मॅडमनी कपाळाला हात लावला आणि त्या रुग्णाला परत बोलवा म्हणाल्या. त्याच्या राहिलेल्या जागेत आणखी काही दाणे ठेवले गेले. तो आज ठणठणीत आहे, दिवाळीला मोसंब्या घेऊन येतो.

साहेबरावांना हे दुखणं लागलं तेव्हा मृग होऊन पेरण्या सुरू होत्या. रात्री सारखं उठावं लागतं म्हणून आले होते, तपासण्यांत सापडलं.  सरांनी भावाला मोठ्या शहरात न्यायची तयारी केली, पण साहेबराव ऐकायला तयार नव्हते. "तू हितं असताना मी परक्या गावाला कशाला जाऊ?" ते म्हणाले. माणूस खरंच दांडगा. बोलला की वऱ्हांड्यात आवाज घुमायचा. धाकट्या भावाला सगळ्यांसमोर 'माणक्या' म्हणायचे आणि सर खाली मान घालून 'हां दादा' म्हणायचे. आम्हाला तो सोहळा बघायला फार आवडे.

पेरणी आटपली, कपाशी लावून झाली, मग साहेबराव दाखल झाले. बाकावर बसून सरांनी त्यांनाही तेच सगळं सांगितलं. तिफन, पायवाट, शेजाऱ्याचं वावर. साहेबरावांनी मोठ्यानं हसून विचारलं, "आन् आढावा कवा घेनार?" "महिन्यानं, दादा. नांगी पडली असली तर भरू." दाणे ठेवायचं काम मॅडमनी केलं, अगदी नेहमीसारखं. सगळं नीट झालं. पुढे एकदोन दाणे लघवीवाटे निघून गेले, एखादा सरकला. असं होतं, त्यात कुणाचा दोष नसतो.

महिन्यानं स्कॅन झाला. त्या दिवशी आणखीही काही रुग्णांचे स्कॅन होते. सरांनी सवयीनं पट्टी लावली आणि फाइल उघडली. मी तिथेच कपाट आवरत होते. थोड्या वेळानं माऊसचा आवाज थांबला. वळून पाहिलं तर सर हात मांडीवर ठेवून बसले होते. पडद्यावर खुब्याच्या जागी लोखंडी सळईची पांढरी लख्ख रेघ होती. साहेबराव तरुणपणी आंब्यावरून पडले होते, तेव्हाची ती सळई. पट्टीखाली नाव झाकलेलं होतं आणि त्याचा काहीही उपयोग नव्हता.

"सिस्टर," सर म्हणाले, "जरा बसता का इथं?"

मी खुर्ची ओढून बसले. मला त्यातलं काय कळणार, पण त्यांनी बसवलं म्हणून बसले. त्यांनी रेघ ओढली. पुसली. पुन्हा ओढली. मला रेघ कळत नव्हती, हात कळत होता. तो पुढे जायचा, घुटमळायचा, मागे यायचा. शेवटी त्यांनी चष्मा पुसला आणि न थांबता पूर्ण फेरा घातला. आकडा आला. सर वरच्या अंगाला, मूत्राशयाच्या बाजूला, बोट टेकवून म्हणाले, "नांगी हाये. मोठी हाये."

त्यांनी तेवढ्यावर विश्वास ठेवला नाही. नाव काढून तो स्कॅन दुसऱ्या शहरातल्या त्यांच्या एका मित्राकडे पाठवला, तोही फिजिसिस्ट. त्याचाही निकाल तोच आला. मॅडमना फार वाईट वाटलं. त्या म्हणाल्या, "सर, अजून सूज असेल. आणखी थोडे दिवस थांबून परत स्कॅन काढू." सरांनी विचारलं, "दुसऱ्या कोणाचा भाऊ असता तर तुमी थांबल्या असत्या का, मॅडम?" मॅडमनी साहेबरावांना बोलावणं धाडलं.

साहेबराव आले ते नव्या पांढऱ्या टोपीत. सर नेहमीप्रमाणे शेजारी बसले. म्हणाले, "दादा, बाकी समदं बराबर उगवलंय. वरल्या अंगाला नांगी पडलीय. परत एकदा दाखल व्हा. थोडे दाणे टाकून भरून घेऊ."

साहेबरावांनी विचार केला. मग विचारलं, "कवा पेरलं आपन?"

"महिना होऊन गेला."

"मंग आता कसली नांगी भरतो?" साहेबराव म्हणाले. "नांगी भरायची ती आठ-धा दिवसात. महिन्यानं भरून काय उपेग? बाकीचं पीक डोक्यावर गेल्यालं असतं. त्याच्या सावलीत ते रोप येतच न्हाई. तुला एवढं ठावं न्हाई का?"

"दादा, हे वावर न्हाई."

"आतापस्तोर तूच म्हनत व्हता वावर हाये म्हनून."

 सरांनी मग जीव तोडून समजावलं. किरणं, मात्रा, गाठीच्या पेशी, सगळं. साहेबराव ऐकत होते, पण ते ऐकणं मला ओळखीचं होतं. नुसती मान हलत होती. शेवटी त्यांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला. "माणक्या, धा वाट्यांतले आठ वाटे चांगले आलेत ना? मंग ऱ्हाऊ दे. एवढ्या तेवढ्या नांगीनं कोनाचं रान पडीक पडत नसतं. तू भाऊ हायेस, तुजा जीव भ्याला. दुसरं काय न्हाई." आणि ते दुपारच्या एस.टी.नं निघून गेले.

वावरात नांगी राहिली तर तेवढीच जागा रिकामी राहते. इथे राहिलेल्या जागेत नेमका रोगच वाढतो. एवढं एकच वाक्य सांगायचं होतं. सरांनी ते सांगितलंही, पण तोवर साहेबरावांच्या डोक्यात धाकट्या भावाचाच जुना शब्द पक्का बसला होता.

त्यानंतर दर रविवारी सर धावड्याला जायचे. सोमवारी तोंड पाहिलं की कळायचं. पोळा झाल्यावर एकदा मला म्हणाले, "सिस्टर, तुमी चला. तुमचं तोंड तिखट हाये. तुमचं ऐकतील." मी गेले. सरांच्या वहिनींनी भाकरी आणि शेवग्याच्या शेंगांची भाजी केली होती. जेवण झाल्यावर मी माझं सगळं तोंड वापरलं. रागावले, विनवलं, त्यांच्या मुलाच्या, म्हणजे सरांच्या पुतण्याच्या, लग्नाचं नाव काढलं. साहेबरावांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि उठले. "चला, दाखवतो," म्हणाले.

आम्ही त्यांच्यामागे कपाशीत गेलो. कपाशी कमरेच्या वर, पात्याफुलांनी भरलेली. साहेबराव एका ओळीत थांबले आणि त्यांनी दोन्हीकडची झाडं हातानं बाजूला केली. मधे वीतभर उंचीचं एक रोप होतं, पिवळसर, दोन पानांचं. "ही नांगी मी उशिरा भरली व्हती," ते म्हणाले. "पान्यामुळं येळ झाला. बघ काय झालं ते. हिला ना बोंड येनार, ना काय. उगीच बी वाया." पुढे जाऊन त्यांनी आणखी एक दाखवलं. मग आणखी एक.

 सगळा जन्म पुरावा मागत आलेला माणूस, त्याच्यापुढे त्याच्या भावानं एकामागून एक पुरावे ठेवले होते, आणि त्यातला एकही खोटा नव्हता. सर खाली वाकले, त्या खुरट्या रोपाच्या पानाला त्यांनी हात लावला आणि तसेच बसून राहिले. साहेबरावांना वाटलं, पटलं एकदाचं. ते खुशीत घराकडे वळले. मी सरांना उठवलं. उठताना त्यांनी माझ्या हातावर सगळा भार टाकला. इतक्या हलक्या माणसाचा तो भार मला अजून जाणवतो.

पुढचं काय सांगायचं? दोन वर्षं बरी गेली. साहेबराव मला फोनवर चिडवायचे, "काय बाई, तुमची नांगी कुठंय?" मग रक्ताच्या तपासणीतला आकडा चढायला लागला. चढत गेला. मग कंबर दुखायला लागली आणि स्कॅनमध्ये हाडांत ठिपके दिसले. इंजेक्शनं झाली, औषधं झाली. मोठ्या शहरात नेऊन झालं. तेव्हा साहेबराव जा म्हणाल तिथे जात होते, सांगाल ते करत होते. एकदा पलंगावर पडल्या पडल्या त्यांनी सरांना विचारलं, "आता भरता यील का रं?"  सर भावाच्या पायावरची चादर सारखी करत राहिले. शेवटच्या दिवसांत साहेबरावांचा आवाज इतका बारीक झाला होता की ऐकायला सरांना कान तोंडाशी न्यावा लागे. गेले तेव्हा मी धावड्याला गेले होते. सरांनी अग्नी दिला नाही, तो पुतण्यानं दिला. सर एका बाजूला उभे होते, आणि कुणी सांत्वनाला जवळ गेलं की मागे सरकत होते.

परत कामावर आले ते सर वेगळेच होते. बाकावर बसायचं सोडलं. आता ते टेबलापलीकडे बसून सांगायचे, एक एक शब्द तोलून. ग्रंथी, मात्रा, किरणोत्सारी स्रोत. वावर नाही, तिफन नाही. म्हातारे हो हो म्हणायचे आणि बाहेर येऊन पुन्हा मला विचारायला लागले, "बाई, काय म्हनले साहेब?" कुणी जुना रुग्ण आपणहून म्हणाला, "म्हंजी नांगी पडली म्हना की," तर सर चटकन म्हणायचे, "न्हाई. तसं म्हणू नका." त्यांच्या आवाजात तेव्हा असं काही असे की समोरचा पुन्हा बोलत नसे. मी त्यांना सांगून पाहिलं की चूक तुमची नाही, शब्दाचीही नाही. ते म्हणाले, "सिस्टर, मी रेघेला लई जपलं. शब्दाला न्हाई जपलं." मला रडू आलं आणि ते लपवायलाही मी गेले नाही.

निवृत्तीच्या आधीच्या आठवड्यात वाटूरचे एक म्हातारेबुवा महिन्याच्या स्कॅनला आले. सोबत त्यांची बायको, हातात नायलॉनची पिशवी. स्कॅन झाला, सरांनी मोजलं, कमी जागा निघाली. तिथेच, त्याच अंगाला. मॅडमनी सांगितलं की पुन्हा थोडे दाणे ठेवू, दोन दिवस तपासण्या आहेत, तोवर समोरच्या धर्मशाळेत राहा. म्हातारा म्हणाला, "आता घरी जातो. सोयाबीन काढायला आलंय. बघू फुडं." मॅडमनी समजावलं, मी समजावलं. तो पिशवी उचलून उभा राहिला.

सर टेबलामागून उठले आणि कितीतरी दिवसांनी बाकावर जाऊन बसले. म्हाताऱ्याचा हात धरून त्याला शेजारी बसवलं.

"बाबा, माझा सख्खा भाऊ होता," ते म्हणाले. "मोठा. त्याला असंच झाल्तं. बिलकुल असंच."

"मंग?"

"मी म्हणलं, परत करू. तो म्हणला, आता येळ निघून गेली. मला त्याला समजावता न्हाई आलं."

म्हाताऱ्यानं सरांकडे नीट पाहिलं. म्हणाला, "मंग आता कसाय भाऊ?"

 सरांचा हात म्हाताऱ्याच्या हातावर होता, तो तसाच राहिला. ते म्हणाले, "तुमी थांबा, बाबा."

म्हाताऱ्यानं बायकोकडे पाहिलं. मग पिशवी खाली ठेवली. "थांबतो," म्हणाला.

मी खिडकीशी उभी होते. थोड्या वेळानं तिघं फाटकातून बाहेर पडताना दिसले. पुढे म्हातारी, मागे हे दोघं, पिशवी सरांच्या खांद्याला. मंडीच्या बाजूनं टेम्पो आणि मोटरसायकली सुसाट येत होत्या. सर थांबले, दोन्हीकडे बघितलं आणि म्हाताऱ्याचा हात धरून त्याला रस्ता ओलांडून नेलं. पलीकडे धर्मशाळेची पायरी आली, म्हातारी आत गेली, आता वाहनांची भीती उरली नव्हती. तरी सरांनी तो हात सोडला नव्हता.